प्रशासनपत्र

मृत्युपत्र न करता मरण पावलेल्या व्यक्तीची मालमत्ता ताब्यात घेण्याचा, तिची येणी वसूल करण्याचा, देणी भागविण्याचा आणि शिल्लक राहिलेली मालमत्ता हक्कदारांत वाटून देण्याचा अधिकार न्यायालय ज्या लेखाने एखाद्या व्यक्तीस देते, तो लेख. असा अधिकार मिळालेल्या व्यक्तीस प्रशासक म्हणतात. मृत्युपत्र केलेले असल्यास त्यात बहुधा निष्पादक नेमलेला असतो व न्यायालय प्रोबेट देऊन त्याचा अधिकार प्रमाणित करते (→ मृत्युपत्र). मृत्युपत्र नसल्यास मृताच्या वतीने व्यवहार करणारे अधिकृत असे कोणीच उरत नाही. ती उणीव प्रशासनपत्राने भरून निघते. भारतात याच गरजेपोटी वारसा प्रमाणपत्र व वारस दाखला असे आणखी दोन लेख न्यायालयाकडून मिळतात. या तिन्हींची व्याप्ती व परिणाम भिन्न आहेत. व्यवहारात मात्र त्यांची सर्रास गल्लत केली जाते.

मालमत्तेचा धनी मरण पावल्यावर दोन वेगवेगळे प्रश्न उद्भवतात. मालमत्ता आता कोणाची झाली, हा पहिला. आणि ती मालमत्ता हाताळण्याचा अधिकार कोणास आहे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर उत्तराधिकाराचा कायदा देतो व ते मृत्यूच्या क्षणीच निश्चित झालेले असते. दुसऱ्याचे उत्तर तितके उघड नसते. मृताच्या ठेवी बँकेत असतात, त्याने कोणास कर्ज दिलेले असते, कंपन्यांचे भाग त्याच्या नावावर असतात. यांपैकी प्रत्येक ठिकाणी पैसे देणाऱ्यापुढे एकच अडचण असते : समोर आलेल्या मनुष्यास पैसे दिले आणि उद्या दुसराच वारस पुढे आला, तर तेच पैसे पुन्हा द्यावे लागतील. वारसाची अडचण याच्या उलट असते. हक्क त्याचा असतो. परंतु तो सिद्ध करणारा कागद हाती नसल्याने त्याच्या हक्काचे पैसे अडकून पडतात. कमावता पुरुष अकस्मात गेला, तर घरखर्चाचे पैसे बँकेत असूनही त्याच्या पत्नीला ते काढता येत नाहीत. अनुपस्थित, अज्ञान किंवा दुर्लक्षित वारसाचाही विचार करावा लागतो. कारण जो प्रथम कपाटाच्या किल्ल्या हस्तगत करतो, तोच एकटा वारस असतो असे नाही. प्रशासनपत्रासंबंधीच्या सर्व तरतुदी या तिघांचे हितसंबंध एकाच वेळी सांभाळण्यासाठी केलेल्या आहेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : प्रशासनपत्राची कल्पना इंग्लंडमधून भारतात आली. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये मृत्युपत्र न करता मरण पावलेल्याच्या जंगम मालमत्तेची व्यवस्था ख्रिस्ती धर्माधिकाऱ्यांकडे असे. मृताच्या आत्म्याच्या कल्याणार्थ ती खर्च व्हावी, हा त्यामागील हेतू. परंतु प्रत्यक्षात धनको व नातलग या दोघांचीही उपेक्षा होई. म्हणून १२८५ च्या कायद्याने मृताची कर्जे फेडण्याचे बंधन धर्माधिकाऱ्यांवर घालण्यात आले आणि १३५७ च्या कायद्याने मालमत्तेची व्यवस्था मृताच्या निकटच्या आप्तांकडे सोपविणे त्यांना भाग पडले. शिल्लक मालमत्तेच्या वाटणीचे नियम १६७० च्या कायद्याने घालून दिले. धर्मन्यायालयांची ही अधिकारिता १८५७ मध्ये संपुष्टात येऊन ती दिवाणी स्वरूपाच्या न्यायालयाकडे गेली.

मुंबई, मद्रास व कलकत्ता येथील मेयरच्या न्यायालयांना १७२६ च्या राजसनदेने प्रोबेट व प्रशासनपत्रे देण्याचा अधिकार मिळाला. कंपनीचे नोकर व व्यापारी स्वदेशापासून हजारो मैलांवर मृत्युपत्रावाचून मरत आणि त्यांची मालमत्ता सहकाऱ्यांच्या हाती पडे. तेव्हा ही तरतूद प्रथमतः त्यांच्यासाठीच निकडीची होती. हिंदूंच्या बाबतीत अशा पत्राची आवश्यकता पूर्वी फारशी भासली नाही. एकत्र कुटुंबात एक सहदायाद मरण पावला, तर त्याचा हिस्सा उत्तरजीविततेच्या तत्त्वाने उरलेल्यांकडे जाई, कर्ता कारभार पाहतच असे व मालमत्ता एक दिवसही धन्यावाचून राहत नसे (→ हिंदू कायदा). स्वकष्टार्जित मिळकत, सरकारी कर्जरोखे, बँकांतील ठेवी आणि कंपन्यांचे भाग यांचे प्रमाण वाढत गेले, तसतशी स्थिती बदलली. कुटुंबाबाहेरील ऋणको कर्त्याच्या केवळ शब्दावर पैसे देईनासा झाला.

मुंबई इलाख्यात मौंटस्ट्यूअर्ट एल्फिन्स्टनच्या कारकीर्दीत १८२७ मध्ये जे विनियम करण्यात आले, त्यांतील आठवा विनियम वारस, निष्पादक व प्रशासक यांना न्यायालयाची औपचारिक मान्यता देण्याविषयीचा आहे. पुढे मृताची येणी वसूल करणे सुलभ व्हावे व ती देणाऱ्यांना संरक्षण मिळावे म्हणून १८६० चा कायदा झाला. त्याची जागा १८८९ च्या वारसा प्रमाणपत्र अधिनियमाने घेतली. भारतीय उत्तराधिकार अधिनियम १८६५ मध्ये व प्रोबेट आणि प्रशासन अधिनियम १८८१ मध्ये संमत झाला. हे सर्व विखुरलेले कायदे एकत्र करून भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ तयार करण्यात आला. प्रशासनपत्र व वारसा प्रमाणपत्र या दोहोंचे नियमन सांप्रत याच अधिनियमाने होते. १८२७ चा विनियम मात्र या एकत्रीकरणातून निसटला व स्वतंत्रपणे टिकून राहिला. कंपनी सरकारच्या काळातील हा छोटासा कायदा महाराष्ट्रातील न्यायालयांत अद्यापि दैनंदिन उपयोगात आहे.

प्रशासनपत्र मिळविण्याची पद्धती : मृत्युपत्र न करता मरण पावलेल्याच्या मालमत्तेवरील हक्क प्रशासनपत्रावाचून कोणत्याही न्यायालयात प्रस्थापित करता येत नाही, असा १९२५ च्या अधिनियमातील सर्वसाधारण नियम आहे (कलम २१२). तथापि हिंदू, मुस्लिम, बौद्ध, शीख, जैन, भारतीय ख्रिस्ती व पारशी यांना त्यातून वगळलेले असल्याने नियमापेक्षा अपवादच मोठा झाला आहे. कोकणातील बेने इझ्राएलांसह ज्यू समाजासारख्या थोड्या समाजांनाच तो बंधनकारक राहतो. वगळलेल्या समाजांतील वारसांना प्रशासनपत्राची सक्ती नसली, तरी ते मागण्याची मुभा आहे. मालमत्ता विविध प्रकारची व विखुरलेली असेल, देणी बरीच असतील किंवा वारसांपैकी कोणी एकाने सर्व व्यवहार पाहणे सोयीचे असेल, तर या मुभेचा उपयोग केला जातो.

हिंदू, मुस्लिम, बौद्ध, शीख वा जैन मृताच्या बाबतीत, त्याला लागू असणाऱ्या कायद्याप्रमाणे ज्यास मालमत्तेचा सर्व किंवा काही भाग मिळावयाचा आहे, अशा कोणासही प्रशासनपत्र देता येते. अनेकांनी अर्ज केल्यास निवड न्यायालयाच्या विवेकाधीन असते. वारसांपैकी कोणीच पुढे न आल्यास धनकोसही ते मिळू शकते. इतरांच्या बाबतीत प्रथम विधवेचा किंवा विधुराचा विचार होतो. अज्ञान वा मनोविकल व्यक्तीस प्रशासक होता येत नाही. एकमेव वारस अज्ञान असेल, तर त्याच्या पालकास तो सज्ञान होईपर्यंतचे मर्यादित प्रशासनपत्र देतात.

अर्ज जिल्हा न्यायाधीशाकडे करावयाचा असतो. मृताचे कायम वास्तव्य किंवा त्याची काही मालमत्ता त्या जिल्ह्यात असावी लागते. मुंबईत उच्च न्यायालयाची या विषयातील मूळ अधिकारिता आहे. अर्जात मृत्यूचा काळ व स्थळ, मृताचे कुटुंबीय व अन्य नातलग यांची नावे व पत्ते, अर्जदार कोणत्या नात्याने हक्क सांगतो ते आणि हाती येऊ शकणाऱ्या मालमत्तेची किंमत, इतका तपशील द्यावा लागतो. यांतील नातलगांची यादी सर्वांत महत्त्वाची होय. अर्जदाराने एखाद्या बहिणीचे, पहिल्या पत्नीच्या मुलाचे किंवा परगावी गेलेल्या भावाचे नाव गाळले, तर त्या व्यक्तीस कार्यवाहीची वार्ताही लागत नाही. म्हणून हितसंबंधी व्यक्तींना उद्देशून जाहीर सूचना काढण्यात येते. ज्यास अशा अर्जाची आधीच शंका असेल, तो न्यायालयात कॅव्हेट दाखल करून ठेवू शकतो. त्यानंतर त्यास सूचना दिल्याखेरीज अर्जावर पुढील कार्यवाही होत नाही. हरकत आल्यास प्रकरणास नियमित दाव्याचे स्वरूप येते व अर्जदार वादी ठरतो. सारे अविवाद्य असले, तरी मृत्यूनंतर पूर्ण चौदा दिवस लोटल्यावाचून प्रशासनपत्र देता येत नाही.

प्रशासकाने मालमत्तेची योग्य वसुली व व्यवस्था करण्याविषयी जामिनासह बंधपत्र लिहून द्यावे लागते. मृताने स्वतः निवडलेल्या निष्पादकावर जो विश्वास टाकता येतो, तो न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकावर एकदम टाकता येत नाही, हे यामागील तत्त्व. अर्जदारांची अडचण पुष्कळदा येथेच होते. हक्काविषयी वाद नसतो, परंतु मोठ्या रकमेस जामीन राहणारा मनुष्य मिळत नाही. त्यात मालमत्तेच्या मूल्यावर आकारली जाणारी न्यायालयीन फी भरावी लागते. ती राज्याराज्यांतून निराळी आहे.

प्रशासकाचे अधिकार व कर्तव्ये : प्रशासनपत्र मिळाल्यावर मृताचे सर्व हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या क्षणापासूनच प्रशासकाकडे आले होते असे मानले जाते. मधल्या काळात मालमत्तेस हानी पोहोचविणारे त्याचे एखादे कृत्य त्यामुळे वैध होत नाही. प्रशासनपत्र रद्द होईपर्यंत मृताचा प्रतिनिधी म्हणून दावा लावण्याचा अधिकार अन्य कोणासही राहत नाही. सहा महिन्यांच्या आत मालमत्तेची संपूर्ण यादी आणि वर्षाच्या आत जमाखर्चाचा हिशेब त्याने न्यायालयापुढे मांडला पाहिजे. स्थावर मालमत्ता विकणे, गहाण टाकणे, बक्षीस देणे किंवा पाच वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देणे यासाठी न्यायालयाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. परवानगीवाचून केलेला व्यवहार हितसंबंधी व्यक्तीस रद्द करवून घेता येतो.

देणी फेडण्याचा क्रम अधिनियमाने ठरवून दिला आहे व तो लक्षणीय आहे. अंत्यविधीचा यथोचित खर्च, अखेरच्या आजारातील औषधोपचार आणि मृत्यूपूर्वीच्या एका महिन्याचा राहण्याजेवणाचा खर्च सर्व ऋणांच्या आधी द्यावयाचा. त्यानंतर प्रशासनपत्र मिळविण्यास आलेला खर्च येतो. त्यामागोमाग मृताकडे अखेरच्या तीन महिन्यांत राबलेल्या मजुराचे, कारागिराचे किंवा घरगड्याचे वेतन. उरलेल्या धनकोंत कोणासही अग्रहक्क नसतो. मालमत्ता अपुरी पडल्यास त्यांना प्रमाणशीर रक्कम मिळते. वारसांची पाळी सर्वांत शेवटी. वारसा म्हणजे देणी वजा जाता उरलेली शिल्लक, ही जाणीव पुष्कळ कुटुंबांना वाटणीच्या वेळी नसते.

प्रशासक नसताना मृताच्या मालमत्तेत हात घालणारी व्यक्ती आपल्याच अपकृत्याने निष्पादक बनते व तिच्या हाती आलेल्या मालमत्तेपुरती धनकोंना व हक्कदारांना जबाबदार राहते. मालमत्ता सुरक्षित ठेवण्यासाठी, अंत्यविधीसाठी किंवा कुटुंबाच्या तातडीच्या गरजांसाठी केलेली उचल मात्र यात मोडत नाही. कागदोपत्री अधिकार येईपर्यंत घर चालविणाऱ्या विधवेस वा मुलास गुन्हेगाराच्या पंक्तीस बसवू नये, हा या अपवादाचा हेतू.

कार्यवाहीत मूलभूत दोष असणे, असत्य कथनाने किंवा महत्त्वाची गोष्ट लपवून प्रशासनपत्र मिळविणे, अथवा सबळ कारण नसता यादी व हिशेब सादर न करणे, अशा कारणांवरून ते रद्द करता येते.

वारसा प्रमाणपत्र : संपूर्ण मालमत्तेची व्यवस्था अपेक्षित नसून केवळ मृताची येणी व रोखे हाती यावयाचे असतील, तर वारसा प्रमाणपत्र पुरते. मृताच्या ऋणकोविरुद्ध, वारसा सांगणाऱ्याच्या बाजूने, असा अधिकृत लेख हजर केल्याशिवाय न्यायालयास हुकूमनामा करता येत नाही (कलम २१४). शेतजमिनीचा खंड, सारा व उत्पन्न या बाकीस हा नियम लागू नाही. मृत जेथे सामान्यतः राहत होता, तेथील न्यायालयाकडे अर्ज करावा लागतो. ज्या ठेवी, कर्जे, ऋणपत्रे वा भाग यांसंबंधी प्रमाणपत्र हवे, ते अर्जात नमूद करावयाचे. नमूद नसलेल्या येण्यास ते उपयोगी पडत नाही, परंतु नंतर त्याची व्याप्ती वाढवून घेता येते. घर किंवा जमीन यांचा त्यात समावेश होत नाही. प्रशासनपत्राचा अंमल सामान्यतः ते देणाऱ्या राज्यापुरता असतो. उच्च न्यायालयाने दिलेले, किंवा राज्याबाहेरील मालमत्ता दहा हजार रुपयांच्या आत असल्यास जिल्हा न्यायाधीशाने दिलेले प्रशासनपत्र अन्य राज्यांतही चालते. वारसा प्रमाणपत्र मात्र सबंध भारतात चालते.

ही चौकशी संक्षिप्त स्वरूपाची असते. प्रश्न गुंतागुंतीचा असल्यास न्यायालय त्याच्या मुळाशी न जाता, सकृत्दर्शनी ज्याचा हक्क अधिक सबळ दिसतो त्यास प्रमाणपत्र देऊ शकते व त्याच्याकडून तारण घेते. प्रमाणपत्रधारकास सद्भावनेने पैसे देणारा ऋणको मुक्त होतो. वारसांमधील आपसांतील हक्क मात्र त्याने अंतिमरीत्या ठरत नाहीत. प्रमाणपत्राच्या कार्यवाहीतील निष्कर्ष पुढील वाटणीच्या दाव्यास बाध आणीत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये स्पष्ट केले आहे.

अधिकार व हक्क यांतील हा भेद २००८ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या एका निर्णयात विशेष ठळकपणे दिसतो. एका कर्मचाऱ्याने पहिली पत्नी हयात असता दुसरे लग्न केले होते. दुसऱ्या स्त्रीपासून त्यास चार अपत्ये होती व भविष्यनिर्वाह निधी इत्यादींसाठी तिचेच नाव त्याने नोंदविले होते. विवाह अवैध असल्याने ती पत्नी म्हणून वारस नव्हती. अपत्ये मात्र कायद्याने औरस मानली जाऊन वारस ठरत होती. न्यायालयाने वारसा प्रमाणपत्र त्या स्त्रीलाच दिले, परंतु पहिल्या पत्नीचा एकपंचमांश हिस्सा सुरक्षित ठेवण्याची अट घातली. ज्या स्त्रीचा स्वतःचा हिस्सा काहीच नव्हता, तिच्या हाती वसुलीचा अधिकार आला आणि जिचा हिस्सा होता, तिला तो तिच्यामार्फत मिळावयाचा होता.

वारस दाखला : १८२७ च्या आठव्या विनियमाचे वैशिष्ट्य असे की, वारसाने न्यायालयाकडे आलेच पाहिजे असे तो म्हणत नाही. वारसाला पूर्वपरवानगीवाचून मालमत्तेचा कारभार हाती घेता येतो व ती मिळविण्यासाठी दावाही लावता येतो, असे त्याच्या प्रारंभीच म्हटले आहे. मृताची मालमत्ता ज्यांच्या ताब्यात आहे किंवा जे त्याचे देणे लागतात, त्यांना निर्धास्तपणे व्यवहार करता यावा, एवढ्याचसाठी दाखल्याची सोय आहे. अर्ज आल्यावर न्यायालय जाहीरनामा काढून एका महिन्याच्या आत हरकती मागविते; समाधानकारक पुरावा मिळाल्यास दाखला देते. तो स्थावर व जंगम अशा दोन्ही प्रकारच्या मालमत्तेस उपयोगी पडतो. मात्र दाखल्याने मालमत्तेवर कोणताही हक्क प्राप्त होत नाही, तूर्त तिचा कायदेशीर कारभार कोणाकडे आहे एवढेच तो दर्शवितो, असे विनियमातच सांगितले आहे. अधिक सबळ हक्क असलेली व्यक्ती पुढे आल्यास दाखला रद्द होतो. लोकव्यवहारात तरीही दाखला मिळाला म्हणजे घर आपले झाले, अशी समजूत दृढ आहे आणि भावंडांतील अनेक दावे या समजुतीतून उत्पन्न होतात.

वारस कोण, हा प्रश्न : वरीलपैकी कोणताही लेख मागणाऱ्यास आधी आपले वारसत्व दाखवावे लागते आणि ते व्यक्तिगत कायद्यावर अवलंबून असते. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ अन्वये पुरुषाची मालमत्ता प्रथम मुलगा, मुलगी, विधवा, आई इ. पहिल्या वर्गातील वारसांकडे जाते. २००५ च्या दुरुस्तीने मुलगी सहदायाद झाल्यापासून एकत्र कुटुंबातील हिस्साही उत्तरजीविततेने न जाता वारसाहक्काने जातो. त्यामुळे पूर्वी जेथे कोणताच कागद लागत नसे, तेथेही वारसांची निश्चिती करावी लागते. ख्रिस्ती विधवेस, मृतास संतती असल्यास, एकतृतीयांश हिस्सा मिळतो. पारशी मुलगा व मुलगी यांचे हिस्से १९९१ पासून समान आहेत.

हिंदू स्त्रीच्या मालमत्तेविषयीचे नियम निराळे असून त्यांचा परिणाम कधी कधी फार कठोर होतो. संतती व पती नसलेल्या स्त्रीची मालमत्ता तिच्या आईवडिलांच्या आधी पतीच्या वारसांकडे जाते. केवळ आईवडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता वडिलांच्या वारसांकडे परतते. विवाहानंतर अल्पावधीतच विधवा झालेली व सासरहून हाकलली गेलेली एक स्त्री माहेरी राहून शिकली, नोकरीस लागली व १९९६ मध्ये मृत्युपत्र न करता वारली. तिच्या बँकेतील ठेवी व भविष्यनिर्वाह निधी यांसाठी तिच्या आईने वारसा प्रमाणपत्र मागितले. पतीच्या बहिणीच्या मुलांनीही मागितले. स्वकष्टार्जित मालमत्तेसाठी कायद्यात वेगळी तरतूद नाही व सहानुभूती हा निर्णयाचा आधार होऊ शकत नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये पतीच्या नातलगांचा हक्क मान्य केला. तिला शिकविणाऱ्या व सांभाळणाऱ्या माहेरच्या हाती काही लागले नाही. एका ओळीच्या मृत्युपत्राने हा परिणाम टळला असता.

नामनिर्देशन व नोंदी : बँक, विमा, भविष्यनिर्वाह निधी, सहकारी गृहनिर्माण संस्था इत्यादींत नामनिर्देशन केलेले असते. नामनिर्देशित व्यक्तीस पैसे दिल्याने संस्था मोकळी होते. ती व्यक्ती मात्र सामान्यतः वारसांच्या वतीने पैसे स्वीकारते. विम्याच्या बाबतीत हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये व कंपन्यांच्या भागांच्या बाबतीत २०२३ मध्ये सांगितले. विमा अधिनियमाच्या २०१५ च्या दुरुस्तीने आईवडील, पतिपत्नी व मुले नामनिर्देशित असल्यास रकमेवर त्यांचाच लाभहक्क मानला जातो, हा त्यास अपवाद होय. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थेत नामनिर्देशित व्यक्तीस, खरे वारस निश्चित होईपर्यंत, तात्पुरता सभासद करून घेण्याची तरतूद २०१९ मध्ये करण्यात आली. लहान रकमांसाठी बँका क्षतिपूर्ती बंधपत्र घेऊन न्यायालयीन लेखावाचून पैसे देतात. त्यासाठी रिझर्व्ह बँकेने मर्यादा घालून दिल्या आहेत.

शेतजमिनीच्या बाबतीत वारसाने तीन महिन्यांच्या आत गावच्या महसूल दप्तरात वर्दी द्यावयाची असते (महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम १४९). चौकशीअंती फेरफार मंजूर होऊन सातबारा उताऱ्यावर वारसांची नावे लागतात. बहिणींची नावे न लावणे किंवा हक्कसोडपत्र घेऊन ती कमी करणे, हे प्रकार याच टप्प्यावर घडतात. फेरफाराची नोंद महसुलाच्या कामासाठी असून तिने स्वामित्व निर्माण होत नाही वा नष्टही होत नाही. तथापि विरुद्ध पुरावा येईपर्यंत ती खरी मानली जात असल्याने नाव गळलेल्या वारसास पुढे बराच खटाटोप करावा लागतो.

गोवा : गोव्यातील पद्धती या सर्वांहून भिन्न आहे. तेथे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून सर्व धर्मीयांना लागू होती. वारशाच्या क्षेत्रात तिची जागा २०१२ मध्ये संमत झालेल्या व २०१६ पासून अमलात आलेल्या गोव्याच्या उत्तराधिकारविषयक अधिनियमाने घेतली आहे. विवाहपूर्व करार नसल्यास पतिपत्नीची मालमत्ता समाईक असते. म्हणून वारसांच्या क्रमात हयात जोडीदाराचे स्थान खाली असले, तरी अर्धी मालमत्ता मुळातच त्याची असते. वाद नसल्यास विशेष नोटरीपुढे वारसांची निश्चिती करणारा लेख करता येतो. अन्यथा न्यायालयात इन्व्हेंटरी नावाची कार्यवाही होते. तीत कुटुंबप्रमुखाने सर्व मालमत्तेची यादी शपथेवर द्यावयाची, तिचे मूल्यमापन व्हावयाचे, जी वस्तू विभागता येत नाही तिच्यासाठी वारसांनी आपसांत बोली करावयाची आणि शेवटी वाटणी मंजूर व्हावयाची, असा क्रम असतो. अधिकार कोणाचा व हिस्सा कोणाचा, हे दोन्ही प्रश्न तेथे एकाच कार्यवाहीत सुटतात. अन्यत्र प्रमाणपत्र मिळाल्यावरही वाटणीचा दावा शिल्लक राहतो. गोव्याची पद्धती दीर्घ असली, तरी या दृष्टीने अधिक परिपूर्ण म्हणावी लागेल.

बेपत्ता व बेवारस व्यक्ती : मृत्यू सिद्ध झाल्यावाचून यांपैकी कोणताही लेख मिळत नाही. समुद्रावर गेलेला खलाशी किंवा घर सोडून गेलेला मनुष्य परतला नाही, तर ज्यांना त्याची वार्ता स्वाभाविकपणे लागली असती अशांना सात वर्षे ती न लागल्यास, तो हयात असल्याचे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर पडतो. जुन्या पुरावा कायद्यातील हा नियम १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही कायम आहे. त्या सात वर्षांत त्याच्या कुटुंबास त्याच्या ठेवींना हात लावणे बहुधा शक्य होत नाही.

वारसांपैकी कोणीच पुढे येत नसल्यास आणि मालमत्तेची नासाडी होण्याचे भय असल्यास, राज्यातील महाप्रशासक हा शासकीय अधिकारी महाप्रशासक अधिनियम, १९६३ अन्वये न्यायालयाच्या आदेशाने ती ताब्यात घेऊ शकतो. विहित मर्यादेपेक्षा कमी मूल्याच्या मालमत्तेसाठी तो स्वतः प्रमाणपत्रही देतो. गरजूंना ही वाट स्वस्त पडते, परंतु ती फारशी कोणास ठाऊक नाही. हिंदू मृतास कोणताच वारस नसल्यास मालमत्ता शासनाकडे जाते आणि तिच्यावरील सर्व देणी व बंधने शासनावर येतात.